रंभेचा डावा हात

३० जुलै १९७७

पावरहाऊसच्या लॉगबुकात बावीस वर्षं झाली लिहून राहिलो. दर तासाला वाफेचा दाब, टाकीतली पातळी, कोणतं बेअरिंग किती गरम. घरचं कधी काही लिहिलं नाही. मी बढती मिळून चार्जमन झालो म्हणून गोविंदानं भिलाईहून ही डायरी पाठवली. अर्धं वर्ष निघून गेल्यावर डायरी पाठवणारा आमचाच मुलगा. असो, पहिली सात महिन्यांची पानं कोरी सोडून आजपासून सुरू करतो.

आज कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. नव्या इंजिनियर साहेबांनी सगळ्यांपुढं विचारलं, "देवराव, त्या लांब रोट्यावाल्या बाई तुमच्याच मिसेस ना? माझ्या मेहुण्याच्या लग्नात आल्या होत्या. काय हात आहे त्यांचा." लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण माझे कान तापले.

रंभाला हे काम लग्नाआधीपासून येतं. पातळ सैल कणीक घ्यायची, दोन्ही तळहात आभाळाकडे करून एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलायची, झेलता झेलता ती कोपरापर्यंत लांब होते, मग एका झटक्यात चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. धोतराच्या पदरासारखी पातळ रोटी निघते. दहा जणींनी करून पाहिलं तर एखादीला जमतं. कॉलनीत शेजारच्या लाइनीतली सुभद्रा आणि ही, दोघी मिळून खापरखेड्यापासून सावनेरपर्यंतच्या लग्नांत बोलावल्या जातात. साडीचोळी मिळते, मान मिळतो.

संध्याकाळी म्हटलं, आता सोड हे. चार्जमनची बायको दुसऱ्याच्या मांडवात चुलीपुढं बसते, बरं दिसत नाही. ती म्हणाली, "काहून जी? मी का चोरी करून राहिली? तुमाले माही लाज वाटते का?"

मी म्हटलं, लाज नाही, पण वय झालं. तिचं वय सत्तेचाळीस.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी न्हाणीसमोरच्या फरशीवर रंभा घसरली. डावा हात खाली टेकला आणि मनगट मोडलं. मी ड्यूटीवर जायला निघालो होतो, आवाज ऐकून धावलो. हात काट्याच्या चमच्यासारखा वाकडा झाला होता.

फरशीवरचं शेवाळ घासून टाका म्हणून ती मला तीनदा म्हणाली होती. तिसऱ्या वेळी मी म्हटलं होतं, रविवारी करतो.

एस.टी.नं नागपूरला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. प्लास्टर केलं, कोपराखालपासून तळहातापर्यंत. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, सहा आठवडे. बोटं हलवत राहा, खांदा फिरवत राहा, असंही काही म्हणाला. हाड मोडलेल्या बाईनं खांदा कायले फिरवायचा ते काही समजलं नाही.

घरी आल्यावर आधी फरशी घासली. दोन तास घासली. रंभा खाटेवरून पाहत होती. म्हणाली, आता राहू द्या.

२१ ऑगस्ट

स्वयंपाक मी करून राहिलो. वरण जमतं, भात जमतो, पोळ्यांचे नकाशे होतात. रंभा हसते. सुभद्रा रोज एक भाजी आणून देते. मी रंभाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. लग्नापासून तिनं मला एक पेला पाणी घेऊ दिलं नव्हतं, आता माझी पाळी. खरं लिहायचं तर मला हे बरं वाटून राहिलं. आपण काही चुकलो होतो ते फेडून राहिलो असं वाटतं.

२३ सप्टेंबर

आज प्लास्टर कापलं. आतला हात पाहून मी घाबरलो. बारीक, कोरडा, कातडी सुटलेली, बोटं सुजलेली. डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो पाहिला आणि म्हणाला, हाड उत्तम जुळलं आहे. एक चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाला, उद्यापासून खाली व्यायामाच्या विभागात या, आठवड्यातून तीनदा, हात मोकळा करून देतील.

जाताना त्या खोलीत डोकावलो. पांढरा कोट घातलेली एक बाई एका म्हाताऱ्याचा गुडघा वाकवत होती आणि तो म्हातारा "मेलो वं माय" म्हणून ओरडत होता. रंभा मागे उभी होती. मी तिला घेऊन सरळ बस स्टँडवर आलो.

पावरहाऊसात पहिल्या दिवशी शिकवतात, बेअरिंग गरम झालं की मशीन थांबवा. गरम बेअरिंग जो चालवतो तो मूर्ख. आता हिचा हात सुजलेला, दुखतो, गरम लागतो. अशा हाताला कसरत करायला लावणारे लोक शिकलेले असतील, पण मशीन त्यांनी पाहिलेली नाही. चिठ्ठी खिशात ठेवली. रस्त्यात रंभा म्हणाली, "तो डॉक्टर म्हणे उद्या या." मी म्हटलं, पाहू.

३ ऑक्टोबर

सूज आहेच. मी जुन्या धोतराची झोळी करून हात गळ्यात बांधून दिला. रोज संध्याकाळी तेल कोमट करून वरवर लावतो, मग पुन्हा बांधतो. आराम द्यायचा, दुसरं काही नाही.

आज दुपारी ड्यूटीवरून आलो तर रंभा परात घेऊन बसलेली, झोळी काढून ठेवलेली, दोन्ही हात पिठात. कपाळावर घाम. मी परात काढून घेतली. जरा जोरात बोललो. "हाड पुन्हा सरकलं तर?" ती म्हणाली, "दुखते, पण थोडं थोडं वळून राहिलं जी." मी म्हटलं, दुखते म्हणजेच थांब म्हणून राहिलं ते. तिनं हात धुतले आणि झोळी पुढं केली. समजलं तिला.

२० नोव्हेंबर

दिवाळी झाली. गोविंदा आणि सून येऊन गेले. सून म्हणाली, मामंजी किती करतात हो आईंचं. कॉलनीतल्या बायकाही म्हणतात. रंभाचे मोठे भाऊ मारोतराव सावनेरहून आले होते, त्यांची मुलगी शामला पुढच्या मे महिन्यात उजवायची ठरली. शामला आत्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, माह्या लग्नात रोट्या तूच करजो. दुसऱ्या कोणाच्या हातची नाही खाणार मी." रंभानं तिला कबूल केलं. सहा महिने आहेत, तोवर होऊन जाईल.

८ डिसेंबर

सुभद्रा आली होती. कोराडीकडं लग्न आहे, रंभा निदान सोबत तरी येऊ दे म्हणाली. मी नाही म्हटलं. सुभद्रा फटकळ आहे. "भाऊजी, किती दिवस बांधून ठेवसान तिचा हात? हाड तं कधीचं जुळलं."

मी म्हटलं, तुझ्या घरचं तू पाहा.

ती गेल्यावर रंभा बराच वेळ दारातच उभी होती. मग आत येऊन म्हणाली, "जाऊ द्या. आता कायची रोटी अन् कायचं काय." मला वाटलं, चला, तिच्याच मनातून निघून गेलं. बरं झालं.

२ जानेवारी १९७८

डायरी संपली. नवी विकत घ्यायची नाही, पहिली सात महिन्यांची कोरी पानं आहेत, ती वापरतो. छापलेले वार जुळणार नाहीत.

हात खांद्यापासूनच वर होत नाही आता. मनगट मोडलं होतं, खांद्याला काय झालं कळत नाही. ब्लाउजची बाही घालायला मला मदत करावी लागते. अंबाडा मी बांधतो. माझ्या हातून तो घसरतो, ती दिवसभर केस सावरत असते. आज बाही चढवताना तिनं दात आवळले आणि डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "असं दुसऱ्याच्या हातानं नेसणं जमत नाही मले." मी दुसरा का, असं म्हणणार होतो.

१९ जानेवारी



रुपराव माझ्याच शिफ्टचा फिटर. दसऱ्याच्या सुमारास शिडीवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं, रंभासारखंच, डावंच. आज पाहिलं तर दोन्ही हातांनी मोठ्या व्हॉल्व्हचं चाक फिरवून राहिला. मी विचारलं, कसं काय गा?

तो म्हणाला, "प्लास्टर काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मेडिकलमंदी गेलो. ते बाई दुखवते, पण सोडत नाही. आपला तो उभा पंप नाही का गा, कामात नसला तरी रोज हातानं थोडा फिरवतो आपण, शाफ्ट जाम होऊ नाही म्हणून. तसंच हाय हे."

बंद पंप रोज फिरवायचा. हे मीच त्याला शिकवलं होतं, तो हेल्पर होता तेव्हा. फिरवला की मीच लॉगबुकात तशी नोंद करतो.

रुपरावनं विचारलं, वहिनीचा हात कसा आहे? मी म्हटलं, ठीक आहे.

२३ जानेवारी

मेडिकलला गेलो. रंभाला एवढंच सांगितलं की दाखवून येऊ. ती काही न विचारता तयार झाली.

त्या पांढऱ्या कोटवाल्या बाईंचं नाव प्रेमलताबाई. पस्तिशीच्या असतील, आवाज हळू. रंभाला स्टुलावर बसवून हात एकेका दिशेनं नेऊन पाहिला आणि लोखंडाच्या एका अर्धगोल पट्टीनं अंश मोजले. खांदा समोरून ८०, एकशे ऐंशी हवा. मनगट मागे १५. तळहात वर वळवणं १०, नव्वद हवा. बोटं मुठीत पूर्ण येत नाहीत. त्यांनी कार्डावर लिहिलं, मी इथं लिहून ठेवलं.

विचारलं, प्लास्टर कधी काढलं? सांगितलं, सप्टेंबरात. त्यांनी कार्डावरून मान वर केली. "चार महिने? तेव्हा चिठ्ठी दिली नव्हती का इकडची?"

मी नाही म्हटलं.

रंभा शेजारीच होती. ती समोरच्या भिंतीकडं पाहत राहिली. तिच्या लक्षात नसावं.

प्रेमलताबाई म्हणाल्या, "हाड डॉक्टर जुळवतात. पण सहा आठवडे न हलल्यानं सांधा आखडतो, स्नायू वाळतो, तो पुन्हा चालता करायला माणूस लागतो. प्लास्टर निघालं की लगेच यायचं असतं. हात गळ्यात बांधून ठेवला म्हणून खांदाही धरला. नाहीच आलात, तर ज्या दिवशी वेणी घालता येईना, बाही चढेना, त्या दिवशी तरी यायचं. तीन आठवडे झाले तरी दुखणं उतरत नाही, मुंग्या येतात, आधी जमायचं ते काम जमत नाही, की वाट पाहायची नसते. दुखतंय म्हणून हलवत नाही, हलवत नाही म्हणून आखडतं, आखडतं म्हणून जास्त दुखतं."

मी म्हटलं, गरम बेअरिंग...

त्यांनी रंभाला विचारलं, तुम्ही काय काम करता? मला वाटलं, ती घरकाम म्हणेल. ती म्हणाली, "मी लांब रोट्या करतो बाई. लग्नाकार्यात." आणि दोन्ही हात पुढं करून दाखवायला गेली. उजवा तळहात वर झाला. डावा उभाच राहिला, कोणाशी हात मिळवायला पुढं केल्यासारखा. प्रेमलताबाई त्याकडं पाहत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला तळहात वर वळवायचा आहे. उशीर झाला आहे, पण लागू कामाला. कधीपर्यंत?"

रंभा म्हणाली, "मे महिन्यात भाचीचं लग्न आहे."

३० जानेवारी

सोम, बुध, शुक्र. मी रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी जाता येतं.

आधी मेणाचा शेक. एका चौकोनी भांड्यात मेण पातळ करून ठेवलेलं असतं, त्यात हात बुडवून काढायचा, पुन्हा बुडवायचा, पांढरा मोजा चढतो. टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं. मग मेण सोलून काढतात आणि प्रेमलताबाई एका हातानं तिचं कोपर धरून दुसऱ्यानं मनगट हळूहळू वळवतात. मी पहिल्या दिवशी बाहेर जाऊन उभा राहिलो. रंभा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं वाटलं.

घरी करायचं ते असं. कोमट पाण्यात हात घालून ओला कपडा पिळायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. लाटणं मुठीत उभं धरून बाहेरच्या बाजूला पाडायचं. दारावर दोरी टाकून चांगल्या हातानं दुसरा ओढायचा. दिवसातून चार वेळा. नियम असा, की केल्यावर दुखणारच, ते तासाभरात उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं तर आपण जास्ती केलं, कमी करायचं. दुखणं म्हणजे मोडणं नाही, असं त्या म्हणतात.

मला वेगळं सांगितलं, "तुम्ही यांची कामं करणं बंद करा. बाही त्यांना घालू द्या, अर्धा तास लागला तरी." हे मला सगळ्यात जड जाऊन राहिलं.

१२ फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलनं खुणा करून राहिलो, बोटं कुठवर गेली त्या. तारीख टाकतो. आठ दिवसांत चार बोटं वर. रंभा म्हणते, "हे तुमचं लॉगबुक भिंतीवर आलं." पहिल्यांदा थट्टा केली तिनं, किती दिवसांनी.

लाटणं मात्र उभंच. थोडं कलतं, मग खांदा सोबत फिरतो. प्रेमलताबाई म्हणतात, कोपर कुशीला चिकटलं पाहिजे, खांद्यानं चोरी नाही करायची.

५ मार्च

खांदा १२०. मनगट ४०. मूठ पूर्ण. तळहात २५.

आज विभागात एक बाई आली होती, प्लास्टर परवाच निघालेलं. तिचा नवरा तिला दटावत होता, जोर लाव म्हणून. तळहात पहिल्याच दिवशी ४०. मी ते ऐकलं आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

९ एप्रिल

आज रंभानं स्वतः अंबाडा बांधला. मी भाजी चिरत होतो, मागे वळून पाहिलं तर दोन्ही हात मानेमागे आणि तोंडात आकडे. बांधून झाल्यावर माझ्याकडं पाहून म्हणाली, "झालं." फक्त एवढंच. मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. बावीस वर्षांच्या लॉगबुकात असं काही कधी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती कॉलनीत सगळ्यांकडं जाऊन आली. सुभद्राकडं सर्वांत आधी.

२३ एप्रिल

तळहात ४०. तीन आठवडे तिथंच आहे.

प्रेमलताबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "खांदा अजून सुटेल. मनगटाचं काम चालेल. पण तळहात वळवणारा सांधा इतके दिवस एकाच जागी राहिला, की आता तो याच्या फार पुढं जाईल असं मला वाटत नाही. मी सोडत नाहीये. पण तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही." मी विचारलं, वेळेवर आलो असतो तर?  "बहुतेकांचा येतो पूर्ण," म्हणाल्या.

एक गोष्ट आज लिहूनच टाकतो. मी चिठ्ठी खिशात ठेवली ती बेअरिंगमुळं, असं इतके दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की हात बांधलेला असला म्हणजे ती मांडवात जाणार नव्हती. कॅन्टीनमध्ये कोणी हसणार नव्हतं. ती "आता कायची रोटी" म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, ते मी इथंच लिहून ठेवलं आहे. मी तिची सेवा करत होतो आणि लोक वाहवा करत होते आणि ती घरी होती. मला काहीच कमी नव्हतं. सगळं कमी तिलाच झालं.

हे तिला सांगावं असं वाटतं. उद्या सांगतो.

६ मे

सांगितलं नाही.

तळहात ४५. अर्ध्यावर. प्रेमलताबाईंनी कार्डावर शेवटचा आकडा लिहिला आणि म्हणाल्या, घरी सुरू ठेवा, महिन्यानं दाखवा. रंभानं त्यांच्यासाठी शेवया नेल्या होत्या. त्यांना म्हणाली, "तुमच्याकडून कमी नाही राहिलं बाई." त्या कार्ड उचलून ठेवत होत्या.

मी म्हटलं, शामलाच्या रोट्या सुभद्राला सांगू. रंभा म्हणाली, "मी करून पाहीन एक. मग सांगजा."

१४ मे, सावनेर

सकाळी मांडवामागं चुली पेटल्या. सुभद्रा आणि दोघी जणी होत्या. त्या बसायच्या आत रंभा मडक्यापुढं जाऊन बसली होती. मी कडुलिंबाखाली बाजेवर होतो, तिला वाटलं असेल झोपलो.

कणकेचा गोळा उजव्या हातात घेतला, झेलला, डाव्यावर टाकला. डावा अर्धाच उताणा. कणीक तिरपी घसरली, करंगळीकडून खाली लोंबली. तिनं खांदा पाडून, कंबर वाकवून डावा हात खाली आणायचा प्रयत्न केला, तसा थोडा सपाट झाला. दुसऱ्यांदा झेलली. मध्यातून फाटली. सुभद्रा येऊन मागे उभी राहिली होती. रंभानं फाटलेली कणीक पुन्हा परातीत टाकली, तिसऱ्यांदा घेतली. कोपरापर्यंत गेलीच नाही.

मग ती उठली आणि पदराला हात पुसले. "तू बस सुभद्रा," म्हणाली. "मीठ थोडं कमी आहे, पाहून घे."

शामलाला तिनंच सांगितलं. काय सांगितलं मला माहीत नाही. पोरगी तिला बिलगून उभी होती, हळद लागलेली.

दुपारच्या पंगतीत मी मारोतरावांजवळ बसलो होतो. रंभा वाढत होती, उजव्या हातानं, डाव्यात टोपलं. रोट्या सुभद्राच्या, चांगल्या होत्या. पलीकडून भैय्याजी, मारोतरावांचे व्याही, वयस्कर माणूस, त्यांनी सहज विचारलं, "देवराव, वहिनी काहून नाही बसल्या रोट्यावर? एवढं नाव ऐकलं आम्ही, मुद्दाम उपाशी आलो."

पंधरा-वीस माणसं ऐकून राहिली होती. तीन हप्ते झाले, जे सांगायचं ते पाठ होतं माझं.

मी म्हटलं, "हात मोडला होता न तिचा."

भैय्याजी चुकचुकले. मारोतराव म्हणाले, "पण देवरावनं लय केलं तिचं. अशी सेवा बायको नवऱ्याची करत नाही." लोकांनी माना हलवल्या. मी पानाकडं पाहून जेवत राहिलो. रंभा टोपलं घेऊन माझ्यासमोरच होती. तिनं माझ्या पानात एक रोटी टाकली आणि पुढं गेली.

१५ मे

सावनेरहून बसनं परत आलो. बस रिकामीच होती. पाटणसावंगी गेल्यावर रंभा म्हणाली, "हात तं सहा हप्त्यात जुळला होता."

मी म्हटलं, हो.

"तुमच्या खिशात कागद होता. मेडिकलच्या बाईनं विचारलं तवा तुमी नाही म्हटलं. मी तवा बोलली नाही, म्हटलं, चार माणसात कायले तुमाले खाली पाहायले लावू."

मी म्हटलं, मला तुला मांडवात जाऊ द्यायचं नव्हतं. चार्जमन झालो म्हणून. हात बांधून ठेवला तो म्हणून. मोडला तो पडल्यानं, गेला तो माझ्यामुळं. एवढं सगळं एका दमात बोललो. कंडक्टर मागे वळून पाहत होता, तरी बोललो.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही.

"हे मले काहून सांगून राहिले?" ती म्हणाली. "मले तं माहीतच होतं. काल तिथं सांगायचं होतं."